स्थिरांक स्थिर आहे का?

लॉगटेबल हाताशी घेऊन गणिते सोडवणाऱ्या माझ्या पिढीचा स्थिरांकांवर फार विश्वास. प्रकाशाचा वेग, इलेक्ट्रॉनचा विद्युतभार, न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणातला ‘जी’ हे आकडे पाठ करायचे, समीकरणात घालायचे आणि निर्धास्त व्हायचे. ते का तेवढेच, असे कोणी विचारत नसे. आकडा स्थिर आहे म्हटल्यावर पुढे प्रश्न उरत नाही, अशी आपली समजूत असते.

१९९८ साली या यादीत आणखी एका स्थिरांकाची भर पडली. तो छोटासुटका नव्हता. विश्वात जे काही आहे त्याचा जवळजवळ सत्तर टक्के हिस्सा त्याच्या नावावर लागला आणि विश्वाचे भवितव्यही त्याच्यावर अवलंबून राहिले. गेली काही वर्षे मात्र या स्थिरांकाकडे संशयाने पाहिले जात आहे. तो मुळी स्थिरांकच नसेल, काळाबरोबर बदलणारे काहीतरी असेल, अशी शंका गंभीर शास्त्रज्ञ बोलून दाखवू लागले आहेत. या शंकेत तथ्य किती, हे आज पाहायचे आहे.

टाकलेला आकडा परत आला

गोष्ट १९१७ पासूनची आहे. आइन्स्टाइनने आपला व्यापक सापेक्षता सिद्धान्त संपूर्ण विश्वाला लावला. विश्व जसे आहे तसेच सदैव राहते, अशी तेव्हा सर्वांची धारणा होती. समीकरणे मात्र ते मानायला तयार नव्हती. गुरुत्वाकर्षण सगळ्या वस्तूंना एकमेकींकडे ओढणार, मग विश्व एका जागी थांबणार कसे? ही ओढ तोलून धरण्यासाठी आइन्स्टाइनने समीकरणात एक जादा पद घातले. तोच विश्वस्थिरांक. ग्रीक अक्षर लॅम्डा हे त्याचे चिन्ह. पुढे १९२९ साली एडविन हबलने दूरच्या दीर्घिका आपल्यापासून दूर जात असल्याचे दाखवले आणि स्थिर विश्वाची कल्पना मागे पडली. १९३१ साली आइन्स्टाइनने तो स्थिरांक सोडून दिला. ती आपली सर्वांत मोठी घोडचूक होती असे तो म्हणत असे, अशी आठवण जॉर्ज गॅमोने लिहून ठेवली आहे.

त्यानंतर सुमारे सात दशकांनी ही टाकलेली वस्तू परत घरात आली. सॉल पर्लमटर यांचा एक गट आणि ब्रायन श्मिट व ॲडम रीस यांचा दुसरा गट दूरच्या अतिनवताऱ्यांची तेजस्विता मोजत होते. हे अतिनवतारे ‘टाइप वन-ए’ या जातीचे. श्वेतबटू ताऱ्याचे वस्तुमान चंद्रशेखर मर्यादेच्या, म्हणजे सूर्याच्या सुमारे १.४ पटीच्या, जवळ पोचले की तो फुटतो, असे त्यांचे सर्वसाधारण चित्र आहे. असे स्फोट जवळपास सारख्या तेजाचे असल्यामुळे दिसणाऱ्या प्रकाशावरून त्यांचे अंतर काढता येते. विश्वाच्या प्रसरणाला गुरुत्वाकर्षणाचा लगाम किती बसतो आहे, हे दोन्ही गटांना मोजायचे होते. प्रत्यक्षात दूरचे स्फोट अपेक्षेपेक्षा मंद, म्हणजे अधिक दूर निघाले. लगाम बसण्याऐवजी प्रसरणाचा वेग वाढत होता. या शोधाला २०११ चे नोबेल मिळाले आणि वेग वाढवणाऱ्या अज्ञात कारणाला ‘डार्क एनर्जी’, आपल्या भाषेत कृष्णऊर्जा, हे नाव पडले.

न पातळ होणारे ताक

कृष्णऊर्जा समजून घ्यायला स्वयंपाकघरातले उदाहरण पुरेल. वाटीभर दह्यात पाणी घालत गेले की ताक पातळ होते आणि आंबटपणा उतरतो. विश्वातल्या द्रव्याचे असेच होते. जागा दुप्पट झाली की द्रव्याची घनता निम्मी होते. आता असे ताक कल्पा की ज्यात कितीही पाणी ओतले तरी आंबटपणा तसूभरही कमी होत नाही. विश्वस्थिरांक हा असा आहे. तो रिकाम्या जागेचाच गुण असल्यामुळे जागा वाढली की तोही त्याच प्रमाणात वाढतो आणि घनता तीच राहते. सुरुवातीच्या दाट विश्वात द्रव्यापुढे त्याला कोणी विचारत नव्हते. द्रव्य विरळ होत गेले, हा मात्र तसाच राहिला आणि सुमारे पाच-सहाशे कोटी वर्षांपूर्वी त्याची सरशी झाली.

तो आहे तरी किती? पृथ्वी मावेल एवढ्या जागेतली सगळी कृष्णऊर्जा वस्तुमानात मांडली तर ती जेमतेम सहा मिलिग्रॅम भरते. तांदळाच्या कणीचाही एक तुकडाच! सूर्यमालेत तिचा मागमूस लागत नाही. दीर्घिकांच्या मधली पोकळी मात्र एवढी अफाट आहे की तिथे या कण्यांची रास डोंगराएवढी होते.

खरी अडचण पुढे आहे. पोकळी म्हणजे निव्वळ शून्य नव्हे, तिलाही ऊर्जा असते, हे पुंजभौतिकी सांगते. ती किती हे साध्या हिशेबाने काढू गेले तर उत्तर निरीक्षणापेक्षा एकावर एकशेवीस शून्ये इतक्या पटींनी मोठे येते. भौतिकशास्त्रात तर्क आणि वस्तुस्थिती यांत याहून मोठी तफावत दाखवणे कठीण. पुण्याच्या आयुकातील थानू पद्मनाभन यांनी आयुष्याचा मोठा काळ या कोड्यावर खर्च केला. २०२१ साली ते गेले, कोडे तसेच आहे.

काकवीतली गोटी

मग पर्याय काय? १९८८ साली, म्हणजे वेगवाढीचा शोध लागण्याच्याही दहा वर्षे आधी, दिल्लीच्या आयआयटीत शिकलेले भरत रात्रा आणि प्रिन्स्टनचे जेम्स पीबल्स यांनी, तसेच स्वतंत्रपणे जर्मनीच्या क्रिस्टोफ वेटेरिख यांनी तो सुचवला होता. सारे विश्व एका क्षेत्राने व्यापलेले आहे आणि त्याची किंमत हळूहळू बदलते आहे, असा तो विचार.

क्षेत्र म्हणजे काय? हवामानाच्या नकाशात प्रत्येक गावापुढे तापमानाचा एक आकडा असतो, तसा अवकाशाच्या प्रत्येक बिंदूला चिकटलेला एक आकडा. अशी क्षेत्रे निसर्गात असतात, ही कविकल्पना नाही. २०१२ साली सर्नमध्ये सापडलेला हिग्ज कण अशाच एका क्षेत्राची खूण आहे. परातीत काकवी भरून कडेला एक गोटी सोडली तर ती घरंगळेल, पण अगदी सावकाश. कृष्णऊर्जेचे क्षेत्र या गोटीसारखे वागते आणि काकवीचे काम विश्वाचे प्रसरण करते. गोटी इतकी सावकाश सरकते की वरवर पाहणाऱ्याला ती थांबल्यासारखी वाटावी. तेव्हा ते क्षेत्र स्थिरांकाची हुबेहूब नक्कल करते. ताक पातळ होत असते, पण जिभेला कळेल न कळेल इतके.

१९९८ साली या क्षेत्राला ‘क्विंटेसेन्स’, म्हणजे पाचवे तत्त्व, असे ग्रीकांची आठवण करून देणारे नाव मिळाले. आपल्या पंचमहाभूतांतही पाचवे आकाशच आहे, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. मराठी वाचकाला यात आणखी एक ओळखीची खूण दिसेल. फ्रेड हॉईल आणि जयंत नारळीकर यांनी १९६० च्या दशकात स्थिर-स्थिती विश्वासाठी ‘सी-क्षेत्र’ मांडले होते. ते द्रव्यनिर्मितीसाठी होते आणि त्या सिद्धान्ताला पुढच्या निरीक्षणांची साथ मिळाली नाही. पण विश्व व्यापणारे क्षेत्र वेग वाढवत नेणारे प्रसरण घडवू शकते, ही कल्पना नारळीकरांच्या वाचकांना अगदीच परकी नाही.

स्थिरांक की क्षेत्र, हे ठरवणारा आकडा एकच आहे. कृष्णऊर्जेचा दाब आणि तिची घनता यांचे गुणोत्तर काढायचे. ते सर्व काळी नेमके वजा एक आले तर स्थिरांक. त्यापासून थोडेही ढळले किंवा काळानुसार बदलले तर दुसरे काहीतरी. म्हणजे हा वाद तत्त्वज्ञानाचा नसून मोजमापाचा आहे.

दीड कोटी दीर्घिकांची मोजदाद

ॲरिझोनातील किट पीक या डोंगरावर चार मीटर व्यासाची जुनी मेयॉल दुर्बीण आहे. तिच्यावर ‘डेसी’ हे उपकरण बसवले आहे. त्यात ५००० काचतंतू असून प्रत्येक तंतू एक छोटा यंत्रमानव आपापल्या दीर्घिकेवर नेऊन धरतो. एका दमात ५००० दीर्घिकांचा प्रकाश तपासून झाला की तंतू पुढच्या ५००० कडे वळतात. २०२१ च्या मे महिन्यात ही पाहणी सुरू झाली.

यात मोजपट्टी कोणती? विश्व तान्हे असताना त्यातल्या तप्त द्रव्यातून ध्वनिलहरी धावत होत्या. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे झाल्यावर ते निवले आणि लहरी जागच्या जागी थिजल्या. त्यांचा ठसा दीर्घिकांच्या मांडणीत राहून गेला. रांगोळीच्या ठिपक्यांच्या कागदाला ठरावीक अंतरावर भोके असतात, तसे दीर्घिकांच्या दाटीवाटीतही एक ठरावीक अंतर पुनःपुन्हा डोकावते. आजच्या हिशेबाने ते सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षे आहे. वेगवेगळ्या काळी हे अंतर केवढे दिसते ते पाहिले की कागद केव्हा किती ताणला गेला ते कळते. डेसीने अशा रीतीने मागच्या ११०० कोटी वर्षांचा आलेख काढला. एप्रिल २०२४ मध्ये पहिल्या वर्षाचे आणि मार्च २०२५ मध्ये तीन वर्षांचे निष्कर्ष बाहेर आले. दुसऱ्या खेपेला जवळजवळ दीड कोटी दीर्घिका आणि क्वासार जमेला होते.

निष्कर्ष काय निघाला? केवळ डेसीचे आकडे घेतले तर स्थिरांकाला धक्का लागत नाही. पण त्यांना विश्वाच्या बाल्यातील सूक्ष्मलहरी प्रारणाची आणि अतिनवताऱ्यांची मोजमापे जोडली की तिन्ही साक्षी एका स्थिरांकात नीट बसत नाहीत. कृष्णऊर्जा अलीकडच्या काळात थोडी क्षीण होत आहे असे मानले तर बसतात.

साक्षीपुरावा किती पक्का?

इथे वृत्तपत्र वाचणाऱ्याने जरा थांबावे. अतिनवताऱ्यांची कोणती यादी वापरली त्यानुसार या निष्कर्षाचे बळ २.८ ते ४.२ सिग्मा इतके येते. स्थिरांक खरा असूनही केवळ योगायोगाने एवढी विसंगती दिसण्याची शक्यता पहिल्या टोकाला साधारण दोनशेत एक, तर दुसऱ्या टोकाला काही दशसहस्रांत एक आहे. भौतिकशास्त्रात शोध लागला असे म्हणायला पाच सिग्मा, म्हणजे सुमारे सतरा लाखांत एक, इतका पक्का पुरावा लागतो. शिवाय ४.२ हा आकडा ज्या यादीतून आला तिच्यातील जवळचे आणि दूरचे तारे एकाच मापाने मोजले आहेत का, असा सवाल केंब्रिजच्या जॉर्ज एफस्टॅथिउ यांनी २०२४ मध्येच केला होता. २०२५ च्या अखेरीस ती यादी करणाऱ्या गटाने मोजमापांची पुन्हा जुळणी केली, तेव्हा ४.२ चा आकडा ३.२ वर उतरला. शंका मावळली नाही, पण तिचा आवाज खाली आला.

दुसरीही एक अडचण आहे आणि ती क्षेत्रवाल्यांची आहे. सध्याचे आकडे शब्दशः घेतले तर कृष्णऊर्जेची घनता आधी वाढत गेली आणि काही अब्ज वर्षांपूर्वी शिखर गाठून मग उतरू लागली. परातीतली साधी गोटी उतरते, ती आपणहून चढत नाही. तेव्हा स्थिरांक पडला तरी त्याच्या जागी रात्रा-पीबल्स यांचे सरळसाधे क्षेत्र आपोआप बसेल असे नाही.

असा इशारा पूर्वीही मिळाला होता. २००४ साली आयुकातील उज्जयिनी आलम व वरुण साहनी यांनी, तरुणदीप सैनी आणि रशियाच्या अलेक्सी स्टारोबिन्स्की यांच्यासह, अतिनवताऱ्यांच्या तेव्हाच्या नोंदींतून कृष्णऊर्जेचे रूपांतर होत असल्याचा पुरावा मिळतो का, असा प्रश्न घेऊन एक निबंध प्रसिद्ध केला. तेव्हाच्या आकड्यांत बदलाची चिन्हे त्यांना दिसली, फक्त बदलाची दिशा आजच्याहून निराळी होती. पुढे निरीक्षणे सुधारत गेली तसा कौल स्थिरांकाकडे झुकला. म्हणून प्रश्न चुकीचा ठरला असे मात्र नाही. आज जगभर तोच विचारला जात आहे.

दोन्ही उत्तरांतून विश्वाची भवितव्ये वेगवेगळी निघतात. स्थिरांक खरा असेल तर इतर दीर्घिका एकेक करून दृष्टीआड होतील. कित्येक हजार कोटी वर्षांनी कोणी खगोलशास्त्रज्ञ असलाच, तर विश्व प्रसरण पावते आहे हे त्याला आकाशाकडे पाहून कळणारही नाही. क्षेत्र असेल आणि ते ओसरत गेले, तर वेगवाढ थांबेल. पुढे विश्व आकसूही शकेल. यातले काही आपल्या नातवंडा-पतवंडांच्या वाट्याला येणार नाही, तेव्हा घाबरायचे कारण नाही.

मग एवढी यातायात कशासाठी? मला वाटते, स्थिरांक ही एका अर्थाने भिंत असते. आकडा मोजता येतो, पण त्याला ‘तू का?’ असे विचारता येत नाही. बदलणाऱ्या गोष्टीला मात्र इतिहास असतो, ती कशाने तरी बदलते आणि ते ‘कशाने’ शोधता येते. म्हणूनच अनेकांना, मी धरून, मनातून वाटते की क्षेत्र जिंकावे. सावध राहायचे ते याच वाटण्यापासून. सोयीचे उत्तर जितके तपासतो, त्याहून आवडते उत्तर अधिक कडकपणे तपासायला हवे. जुलै २०२३ मध्ये अवकाशात गेलेली युक्लिड दुर्बीण आणि जून २०२५ मध्ये पहिली छायाचित्रे देणारी चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळा यांच्या नोंदी या तपासाला बळ देतील.

तोपर्यंत स्थिरांक आपल्या जागी आहे. निकाल लागेपर्यंत आरोपी निर्दोष हा न्यायालयातला नियम इथेही पाळायला हरकत नाही. आणि चौकशीअंती आकडा नेमका वजा एकच निघाला, तरी गृहीत धरलेला स्थिरांक आणि तपासून पाहिलेला स्थिरांक यांत फरक राहतोच. पहिला आपण नुसता पाठ केलेला असतो.