सनरूफ अडलं? आधी आवाज ऐका!

शिक्षक मित्रांनो, पालकहो, आपल्या नांदुऱ्यातही आता सनरूफच्या गाड्या दिसतात. पावसाच्या तोंडावर छत उघडंच अडलं, तर घाबरू नका. मुलांना सोबत घ्या, बोटं दूर ठेवा, चावी फिरवून बटण दाबा आणि ऐका.

१) आवाजच नाही : वीज पोहोचत नसावी. आधी फ्यूज पाहा. मग बटण, रिले, मोटर.

२) आवाज येतो, काच हलत नाही : रुळांत धूळ अडकली किंवा केबल तुटली असेल.

३) काच मध्येच मागे फिरते : बोट चिरडू नये म्हणून ही सोय असते. रुळांतला कचरा काढा.

४) बॅटरी बदलल्यावर अडलं : गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे पुन्हा सेट करा.

फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा टाका. नुसती तार जोडली तर आग लागू शकते. निरीक्षण, अंदाज, पडताळणी : विज्ञानाचा धडा इथंच शिकवून होतो!