रेषेचा रंगवलेला तुकडा

पूर्वी कारखान्याच्या कचेरीत जाड्या खातेवह्या असत. आकडे पाहावयाचे तर कारकुनाची मनधरणी करावी लागे. आता तेथे पडदा असतो, आणि उत्पादन, हजेरी, विक्री यांच्या रेषा त्यावर वर-खाली होताना दिसतात. याला डॅशबोर्ड म्हणतात. पॉवर बीआय, टॅब्लो, एक्सेल ही तो मांडणाऱ्या साधनांची नावे. त्यांतील एका लहानशा युक्तीविषयीच येथे बोलावयाचे आहे: एकाच रेषेचा काही भाग वेगळ्या रंगाने उठावदार करणे. विषय क्षुल्लक वाटेल; परंतु वेतनकराराच्या बैठकींत या रंगाशी आमची वारंवार गाठ पडली आहे, म्हणून तो आम्ही मुद्दाम निवडला.

युक्ती जुनीच आहे. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली इंग्लंडच्या व्यापाराचे आलेख छापले. आयातीची एक रेषा, निर्यातीची दुसरी, आणि दोहोंमधली जागा हाताने रंगवलेली, म्हणजे फायदा कोठे व तोटा कोठे हे नजरेला लगेच कळावे. हा मनुष्य तरुणपणी जेम्स वॅटच्या कारखान्यात नकाशे काढण्याचे काम करीत असे, हे जाता जाता सांगावेसे वाटते.

आता आजच्या पडद्याकडे येऊ. पॉवर बीआयसारख्या साधनांत रंग हा साधारणपणे सबंध रेषेचा असतो, तिच्या तुकड्याचा नसतो. मग तुकडा रंगवतात कसा? तर पहिल्या रेषेवर दुसरी रेषा बसवून. दुसरीसाठी एक सूत्र लिहितात: तारीख निवडलेल्या मुदतीत असेल तर आकडा दे, नसेल तर रिकामे ठेव. येथे ‘रिकामे’ आणि ‘शून्य’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शून्य दिले तर रेषा थेट तळाला आदळते आणि कारखाना बंद पडला की काय असे वाटते. एक्सेलमध्ये सूत्राने नुसता कोरा मजकूर दिला तरी तो शून्य धरून काढला जातो. म्हणून तेथे ‘उपलब्ध नाही’ असे सांगणारे एनए हे सूत्र वापरावे लागते. पहिली रेषा फिकट राखाडी, दुसरी गडद, की काम झाले.

खरी मेख मात्र सांध्यात आहे. रेषा ही बिंदूंमधली असते, हे आपण विसरतो. मार्च, एप्रिल, मे असे तीन महिने निवडले तर रंग दोनच तुकड्यांना चढतो: मार्च ते एप्रिल, आणि एप्रिल ते मे. फेब्रुवारीहून मार्चला येताना झालेली घसरण राखाडीच राहते. समजा, मार्चमध्ये संप सुरू झाला. मग जे दाखवावयाचे तेच वगळले गेले! तेथे रंग फेब्रुवारीपासून चढवला पाहिजे. टॅब्लोमध्ये रंगासाठी वेगळे सूत्र लावले तर रेषाच तुटते आणि मध्ये फट दिसते. एकच महिना निवडला तर रेषा उमटतच नाही, कारण एका बिंदूची रेषा होत नाही. तेथे ठिपका द्यावा लागतो. शिवाय दोन्ही रेषा एकाच मापावर आहेत ना, हे पाहावे. दुसरीला उजवीकडचे निराळे माप मिळाले तर ती पहिलीवर बसणारच नाही.

पाहणाऱ्याने स्वतः मुदत निवडावी असे वाटत असेल तर आणखी एक अडचण येते. निवडीची पट्टी मूळ तारखांनाच जोडली, तर सारा आलेख तेवढ्याच मुदतीपुरता आखडतो आणि तुलनेला मागेपुढे काही उरत नाही. म्हणून तारखांचा एक वेगळा, मूळ आकड्यांशी न जोडलेला तक्ता ठेवतात व सूत्र त्याकडे पाहून रंग ठरवते.

हे सारे कामगाराला कशाला हवे? महागाई भत्त्याचे उदाहरण घ्या. लेबर ब्यूरोच्या औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाचे पायाभूत वर्ष सप्टेंबर २०२० पासून २००१ ऐवजी २०१६ झाले. तोवर तीनशेच्या वर चाललेला आकडा त्या महिन्यात ११८.१ वर आला. कोणी ही रेषा तशीच काढून तो तुकडा लाल केला, तर बाजारात सोन्याचे युग अवतरले असे दिसेल! वास्तविक नव्या आकड्याला २.८८ ने गुणावयाचे असते. मग तो ३४० च्या आसपास येतो. स्वस्ताई झालेली नसते, मोजपट्टी बदललेली असते. असा सांधा पडद्यावर जरूर उठावदार करावा, पण कारण शेजारी लिहून.

एका कारखान्यातील बैठकीत आमच्यासमोर हजेरीची रेषा आली. एप्रिल आणि मे लालभडक. बाकीचे महिने इतके फिके, की नसल्यासारखे. आम्ही मागची तीन वर्षे त्याच पडद्यावर मागितली. दर उन्हाळ्यात तोच खड्डा होता: लग्नसराई, गावच्या जत्रा, मुलांच्या सुट्ट्या. रेषा खरी होती, लाल रंगही खऱ्याच महिन्यांवर होता. फक्त मुदत कोणी व का निवडली, हे कोठे लिहिलेले नव्हते. बोलणी मग गैरहजेरीवरून रजेच्या वाटपावर गेली, आणि तीच त्यांची जागा होती.

तेव्हापासून आम्ही पडद्यामागचा तक्ता मागून घेतो. या साधनांतून आकडे बाहेर काढता येतात. मात्र मालकाने तशी मुभा ठेवलेली असावी लागते, म्हणून ती मागणी बैठकीपूर्वीच लेखी द्यावी. आणि आपला आलेख फाटकावर लावावयाचा असेल तर रंगावर विसंबू नये. झेरॉक्समध्ये लाल आणि राखाडी सारखेच काळपट उमटतात, आणि पुष्कळांना लाल-हिरव्यातला भेदही दिसत नाही. निवडलेला तुकडा जाड करावा, आणि त्याखाली मुदत अक्षरांत लिहावी.