शंबूकाची पारख

संस्कृतांत गोगलगायीस शंबूक म्हणतात आणि अमरकोशांत हा शब्द वारिवर्गांत येतो. त्यामुळें गोगलगाय म्हणजे जलचरच, असा सुशिक्षितांचाहि ग्रह होतो. आमच्या आजऱ्याकडे पावसाळा लागला कीं भातखाचरें, बांध, हिरण्यकेशीचा कांठ, परसांतील आळीं, सर्वत्र या प्राण्यांचा सुकाळ होतो. आणि घरांतील मंडळी सर्वांस सारखेंच लेखून मिठाची चिमूट टाकतात. यांत निरपराध जात मरते व अपायकारक जात सुटते.

पारख फारशी अवघड नाहीं. प्राणी चालूं लागला म्हणजे त्याचीं शिंगें पाहावीं. शिंगांच्या दोन जोड्या असून लांब जोडीच्या टोकांशीं डोळे असतील, तर ती भूचर गोगलगाय. शिंगांची एकच जोडी, ती चपटी व त्रिकोणी, डोळे बुडाशीं, शंख पातळ व टोंकदार, आणि त्याच्या तोंडास झांकण नाहीं, इतक्या खुणा जुळल्या तर ती डबक्यांतील लिम्निया होय. मात्र झांकण असलेल्या कांहीं भूचर जातींचेहि डोळे शिंगांच्या बुडाशींच असतात. म्हणून एकाच खुणेवर निर्णय देऊं नये.

हा खटाटोप गुरांसाठीं. गुरांच्या यकृतांतील पर्णकृमीचीं अंडीं शेणावाटे पाण्यांत पडतात. त्यांतून निघालेले जीव लिम्नियाच्या शरीरांत शिरून वाढतात, पुढें बाहेर पडून पाणथळींतील गवतास चिकटतात, आणि तेंच गवत गुरें खातात. मग जनावर खंगतें, दूध आटतें, जबड्याखालीं सूज येते. यास्तव डबक्याकांठीं गुरें चारूं नयेत, तेथील गवत चांगलें वाळवूनच घालावें, व औषध पशुवैद्यांस विचारून द्यावें.

भूचर जातींकडे या कृमीचा दोष जात नाहीं. पुष्कळशा कुजका पाला खाऊन मातीचें खत करण्यास हातभार लावतात. जेथें हिरण्यकेशी उगम पावते, त्या आंबोलीच्या रानांतून २०२१ सालीं वरदिया आंबोलिएन्सिस ही नवी अर्धकवची जात शास्त्रज्ञांनीं वर्णिली. प्रजातीचें नांव सरीसृपतज्ज्ञ वरद गिरी यांच्या सन्मानार्थ, जातीचें आंबोलीवरून. कवच इतकें तोकडें कीं अंग आंत ओढून घेणें तिला साधत नाहीं. ओल हेंच तिचें संरक्षण. रानांतील पाला जाळला, झरे आटले, कीं तिला ठाव उरत नाहीं.

तेव्हां या पावसाळ्यांत मुलांच्या हातीं मिठाऐवजीं भिंग व वही द्यावी; शिंगें, डोळे, झांकण व स्थळ यांची नोंद करवावी, आणि लिम्निया आढळलेलें डबकें गुराख्यास आवर्जून दाखवावें.