नक्कल केली की शैली मरते?

तैलरंगातलं व्यक्तिचित्र शिकणाऱ्याने जुन्या उस्तादाची कॉपी करायला घेतली, की कुणीतरी बजावतंच, "नक्कल करू नकोस, स्वतःची शैली मरेल." हे ऐकून ऐकून आता चीड येते. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात टिशियनचं 'ॲडम आणि ईव्ह' आहे आणि रूबेन्सने केलेली त्याची कॉपीही आहे. ती त्याने १६२८-२९ मध्ये केली, म्हणजे पन्नाशी उलटल्यावर, युरोपभर नाव झाल्यावर! त्यात त्याने ॲडमची ठेवण बदलली, एक पोपट आणून बसवला आणि अंगकांती तर थेट रूबेन्सचीच. कुठे मेली शैली? पुढे सार्जंटने त्याच प्रादोत वेलाझ्केझ गिरवला, देगाने लूव्रमध्ये कॉप्या केल्या.

कॉपीतून शिकायचं काय, तर चित्रकाराने काय गाळलं ते. व्हर्मीरची मोत्याचा डूल घातलेली मुलगी घ्या. नवखा माणूस आधी नाकाची कड शोधतो. ती नाहीच. नाकाचा दांडा पलीकडच्या गालात विरघळलाय. मोत्यालाही ना बाह्यरेषा, ना आकडी. वर एक पांढरा ठिपका, खाली पांढऱ्या कॉलरचं पुसट प्रतिबिंब. उरलेलं काम आपली नजर करते. वाचून हे पटतं, पण हातात उतरतं ते आपण ओढलेली कड पुसावी लागते तेव्हा.

मात्र कॉपीआधी चित्राची माहिती काढाच. या मुलीमागचा काळोख सगळे काळा रंगवतात. मॉरित्सहाइस संग्रहालयाने २०१८ मध्ये केलेल्या तपासणीत तिथे हिरव्या पडद्याच्या घड्या आढळल्या; त्यावरचं पारदर्शक हिरवं ग्लेझ काळाच्या ओघात बिघडलंय.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. उस्तादांकडे गुप्त तेल होतं? बहुतेकदा साधं जवसाचं, कधी अक्रोडाचं. तैलरंग पाण्यासारखे उडून वाळतात? नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. म्हणूनच खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त. उलट केलंत तर तडे जातील. चौकटी आखणं लबाडी? मग ड्यूररलाही लबाड म्हणा, त्याने चित्रकाराची जाळी लाकूडठशात कोरून दाखवलीय.

आणि कॉपी बेकायदा? भारतात कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. व्हर्मीर १६७५ मध्ये वारला. गुन्हा आहे तो कॉपी अस्सल म्हणून विकण्यात. लूव्र आजही कॉपीसाठी परवाने देतं. फक्त कॉपीचा आकार मूळ चित्राएवढा चालत नाही आणि चित्रकाराची सही उतरवायची नाही.