बॅलन्सिंग मशीनवर चाक कसे चढवावे?

आमचा धंदा कापडाचा. परंतु भिवंडीचा माल गाडीवरूनच फिरतो, तेव्हा टायरच्या खर्चाची फिकीर आम्हालाही ठेवावी लागते. अलीकडे पंक्चरचे दुकान चालविणारे अनेक तरुण कर्ज काढून बॅलन्सिंग मशीन घेतात. मात्र त्यावर चाक चढविण्याचे काम बहुधा दुकानातील सर्वांत नव्या पोऱ्याकडे दिले जाते. ही रीत आम्हाला बिलकुल पसंत नाही. चाक वाकडे बसले तर मशीन त्या वाकडेपणाचेच माप देते आणि गिऱ्हाइकाचे पैसे फुकट जातात. लहान मोटारीच्या रिमला ३० ग्रॅमचा फरक राहिला, तर ताशी १०० किलोमीटर वेगाला चार-पाच किलोचा ओढा चाकाबरोबर गरगर फिरतो. स्टिअरिंग थरथरते, टायर ठिकठिकाणी झिजतो.

प्रथम सफाई. जुनी वजने काढावीत. रिमच्या आतला चिखल खरवडावा. टायरच्या खाचांतील खडे उचकून टाकावेत; फिरत्या चाकातून सुटलेला खडा डोळा घेऊ शकतो. मशीनचा शाफ्ट, फ्लँज आणि रिमचा मधला भाग कोरड्या फडक्याने पुसावा. तेथे गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी चाक तिरके बसते.

आता कोन. रिमच्या मधल्या भोकात ज्याचा उतार साधारण मध्यावर टेकतो, तो कोन घ्यावा. अगदी टोकावर किंवा बुडाशी टेकणारा घेऊ नये. मोटारीच्या बहुतेक चाकांना कोन आतून, स्प्रिंगच्या बाजूने लावणे बरे, कारण गाडीच्या हबवरही चाक त्याच बाजूने बसते. काही लोखंडी रिमांना मात्र तो बाहेरूनच लावावा लागतो. अलॉयच्या रिमला कपाखाली रबर हवे, नाहीतर ओरखडे पडून भांडण ठरलेले.

चाक शाफ्टवर फेकू नये. आटे खराब होतात, शाफ्ट वाकतो. गुडघे वाकवून उचलावे. जड चाकाला दोन माणसे लावावीत. खरी खुबी नट आवळताना आहे. एका हाताने चाकाचा भार किंचित वर धरावा आणि चाक हळूहळू फिरवीत नट आवळावा, म्हणजे कोन आपोआप मध्यावर येतो. चाक शाफ्टवर लोंबकळत ठेवून आवळले तर ते खालीच राहते. नटाचे निदान चार पूर्ण फेरे आट्यांत गेले पाहिजेत. खटका दाबून सरकविण्याचा नट असेल तर त्याने आटे धरले की नाही, हे मागे ओढून पाहावे. अर्धवट धरलेला नट सुटला की चाक थेट माणसावर येते. नटावर हातोडा मारू नये.

झाकण असेल तर ते लावूनच मशीन सुरू करावे. ढिल्या बाह्या, गळ्यातला रुमाल, हातातले कडे दूर ठेवावे. फिरते चाक हाताने थांबवू नये. आमच्या पाहण्यात घाईची पोरे नेमके हेच करतात.

पडद्यावर शून्य आले म्हणजे काम झाले असे अनेकजण समजतात. नट ढिला करावा, चाक शाफ्टवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळावे आणि मशीन चालवावे. आकडा शून्याजवळच राहिला तर बसवणी ठीक. पाच-दहा ग्रॅमपेक्षा जास्त सरकला तर कोन आणि फ्लँज पुन्हा तपासावी. या तपासणीला दोन मिनिटेही लागत नाहीत. गिऱ्हाइकाने ती समोर करून मागितली तर दुकानदाराने तोंड वाकडे करण्याचे कारण नाही.