गाळलेले ठिपके परत आणा

डेटा तोच, आलेख नवा, आणि अर्थ लख्ख! याचं मला सगळ्यात अस्वस्थ करणारं उदाहरण म्हणजे चॅलेंजर यान. 28 जानेवारी 1986 ला उड्डाणानंतर 73 सेकंदांत त्याचे तुकडे झाले, सात अंतराळवीर गेले. बूस्टरच्या सांध्यातल्या रबरी ओ-रिंग थंडीत कडक होतात, हा इशारा इंजिनिअरांनी आदल्या रात्रीच दिला होता. वरिष्ठांना तो पटला मात्र नाही.

अपघाताची चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाच्या अहवालात दोन आलेख लागोपाठ आहेत, ते जरूर बघा. पहिल्यात फक्त ओ-रिंगला इजा झालेली आधीची उड्डाणं. ठिपके 53 ते 75 अंश फॅरनहाइटपर्यंत विखुरलेले, थंडीचा संबंध दिसतच नाही. दुसऱ्यात इजा न झालेली उड्डाणंही घेतली आणि चित्रच पालटलं. 66 अंश किंवा त्याहून उबदार अशा 20 उड्डाणांपैकी फक्त तीन उड्डाणांत इजा, 63 किंवा त्याखालच्या चारही उड्डाणांत इजा! पुढे 1997 मध्ये डेटा चित्रणाचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी तापमानाचा अक्ष चॅलेंजरच्या त्या सकाळच्या थंडीपर्यंत डावीकडे ताणला. सगळे ठिपके उजवीकडे आणि ती सकाळ एकटीच दूर. (त्यांच्या मांडणीवर त्या इंजिनिअरांपैकी एकाने सहलेखकांसह आक्षेप घेतले, तेही वाचनीय आहेत.)

म्हणून आधी सगळा डेटा दाखवा; रंग, फॉन्ट, थ्रीडी हे सगळं नंतरचं. तक्रारींचा तक्ता मांडताय? मग तक्रार न आलेले दिवसही त्याच आलेखात दाखवा, आणि शीर्षकात ‘मासिक तक्रारी’ऐवजी थेट निष्कर्ष लिहा.