‘कट्यार’ : रंगमंचावरून पडद्यावर

संगीत नाटकाला जाणारा रसिक घड्याळ घरी ठेवून जात असे. ‘वन्समोअर’ झाला की कथानक निमूटपणे थांबे आणि पद पुन्हा रंगे. चित्रपटाला असे थांबता येत नाही. नाट्यपदे पडद्यावर आणू पाहणाऱ्याची पहिली अडचण ती हीच.

१९३७ साली बाबूराव पेंटरांनी बालगंधर्वांच्या ‘अमृतसिद्धी’ नाटकावरून ‘साध्वी मीराबाई’ हा बोलपट काढला. रंगभूमीवरचा प्रयोगच जवळजवळ जसाच्या तसा कॅमेऱ्यापुढे उभा केलेला! तो लोकांना रुचला नाही. भाषांतर हाच ज्याचा व्यवसाय, त्या मला याचे नवल वाटत नाही. शब्दाला शब्द ठेवला की अर्थ निसटतो, हे आम्ही रोजच अनुभवतो.

‘कट्यार काळजात घुसली’चे भाग्य निराळे. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक १९६७ साली रंगमंचावर आले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे आणि खाँसाहेब वसंतराव देशपांडे. (दारव्हेकर नागपूरचे. १९५६ पर्यंत नागपूर-जबलपूर एकाच राज्यात होते. तेव्हा आम्ही जबलपूरकरांनी त्यांना थोडे आपले म्हटले, तर बिघडले कोठे?) २०१५ साली सुबोध भावे यांनी त्याचा चित्रपट केला. शंकर-एहसान-लॉय यांनी अभिषेकींच्या निवडक चालींशेजारी नवी गाणी बांधली, आणि खाँसाहेबांच्या मुखी आवाज आला तो वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा.

मोठा बदल मात्र पंडित भानुशंकरांचा. नाटकात ते आरंभीच हवेली सोडून जातात. मागे उरते ती त्यांची उणीव. चित्रपटात शंकर महादेवन यांच्या रूपाने ते समोर बसून गातात, खाँसाहेबांना स्वतःच विश्रामपुरास आणतात. त्यामुळे खाँसाहेबांचा मत्सर अधिक बोचतो, कारण येथे मैत्रीचाच घात होतो. तरीही वाचकहो, मला जुनी योजना अधिक भावते. न ऐकलेला आवाज कल्पनेत कधी बेसूर होत नाही.

आमच्या घरची मुले मराठीत विचारलेल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर देतात. खाँसाहेबांची उर्दूमिश्रित बोली त्यांना समजावून द्यावी लागली नाही. उलट त्या वाटेनेच ती मराठी पदांपाशी पोहोचली. चित्रपट संपल्यावर भाचा म्हणाला, “मामा, नातवाचे ऐकले. अब आजोबांचे लावा ना!”

रात्री उशिरापर्यंत वसंतरावांचे ध्वनिमुद्रण चालू होते. एक पद त्याने तीनदा लावावयास सांगितले.